ब्राह्मी आणि मेंदूतलं ऑक्सिडेशन: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात ब्राह्मीबद्दलची पत्रं सर्वांत जास्त होती. कुणी घरच्या वडीलधाऱ्यांसाठी विचारलं आहे, कुणी प्रयोगशाळेत अडकलं आहे, कुणी लागवड करतं. सगळ्यांचा रोख मात्र एकच दिसतो: ही वनस्पती मेंदूच्या पेशींना ऑक्सिडेशनपासून खरोखर वाचवते का आणि ते कशावरून म्हणायचं? म्हणून हे सदर या अंकात पूर्णपणे ब्राह्मीला, म्हणजे बॅकोपा मोनिएरी या वनस्पतीला दिलं आहे.

प्रश्न: इतर अवयवांपेक्षा मेंदूला अँटिऑक्सिडंटची गरज जास्त असते असं वारंवार वाचनात येतं. यात तथ्य किती? (निवृत्त विज्ञान शिक्षक)

तथ्य आहे. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीर स्वस्थ असतानाही एकूण ऑक्सिजनपैकी जवळपास २० टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. मायटोकाँड्रियात ऑक्सिजन वापरला जात असताना थोडे इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. जिथे ऑक्सिजनची उलाढाल मोठी, तिथे ही गळतीही मोठी.

दुसरं कारण चरबीचं. चेतापेशींच्या पटलात डीएचएसारखी, अनेक दुहेरी बंध असलेली मेदाम्लं भरपूर असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज खेचला जातो. एका रेणूचा गेला की तो शेजारच्याचा ओढतो आणि साखळी सुरू होते. ई जीवनसत्त्व ही साखळी तोडतं, पण पटलात त्याचं प्रमाण मेदाम्लांच्या तुलनेत फारच थोडं असतं. तिसरं कारण लोह. मेंदूच्या काही भागांत, विशेषतः सबस्टॅन्शिया नायग्रात, लोह साठतं. हायड्रोजन पेरॉक्साइडला फेरस लोह भेटलं की हायड्रॉक्सिल मूलक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला कण) जन्मतं आणि ते समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतं. त्यात यकृताच्या मानाने मेंदूत कॅटॅलेज हे विकर (एन्झाइम) फार कमी असतं, त्यामुळे पेरॉक्साइडचा निचरा मुख्यतः ग्लुटाथायोन या पेशीतल्याच अँटिऑक्सिडंट रेणूवर चालणाऱ्या विकरांवर पडतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या उत्तरांत ती लागणार आहे. मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळख पटवलेलं सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, म्हणजे एसओडी, सुपरऑक्साइडचं रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करतं. म्हणजे धोका संपत नाही, पुढच्या टप्प्यावर सरकतो. तो संपवायचं काम कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजचं. म्हणून ‘एसओडी वाढलं’ एवढ्यावर खूश होऊ नये. तिन्ही विकरं एकत्र वाढली का, हे पाहावं.

प्रश्न: आमच्या प्रकल्पात ब्राह्मीच्या मेथनॉल अर्काने डीपीपीएच चाचणीत चांगला निकाल दिला. अहवालात ‘अर्क मेंदूचं रक्षण करतो’ असं लिहिलं तर चालेल का? (बी. फार्म.ची विद्यार्थिनी)

नाही. ‘अर्क डीपीपीएच मूलक शमवतो’ इतकंच लिहा. तेवढं वाक्य खरं आहे आणि पुरेसंही आहे.

डीपीपीएच हा जांभळ्या रंगाचा, बाटलीत टिकणारा मूलक आहे. शरीरात तो कुठेच नसतो. ०.१ मिलिमोलर द्रावणात अर्क घालून ३० मिनिटं अंधारात ठेवायचं आणि ५१७ नॅनोमीटरला रंग किती उतरला ते मोजायचं. हा रंग उतरवतात मुख्यतः फिनॉलिक संयुगं आणि फ्लेव्होनॉइड. ब्राह्मीचा प्रमुख घटक मानले जाणारे बॅकोसाइड हे सॅपोनिन (शर्करा जोडलेले, पाण्यात फेस देणारे रेणू) आहेत. त्यांच्याकडे पटकन हायड्रोजन देऊ शकेल असा फिनॉलिक गट नसतो. म्हणजे पाकिटावर ज्या घटकाची टक्केवारी छापतात तो एक, आणि तुमच्या नळीत रंग उतरवणारा बहुधा दुसराच.

आता हिशोब करून बघा. समजा तुमच्या अर्काचा आयसी-५० (रंग निम्म्यावर आणणारी संहती) दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम आला. माणसाचा मेंदू साधारण १.४ किलोचा. तेवढी संहती मेंदूभर हवी असेल तर सुमारे १४० मि.ग्रॅ. अर्क जसाच्या तसा मेंदूत पोचायला हवा. माणसांवरच्या चाचण्यांत दिवसाला ३०० मि.ग्रॅ. अर्क दिला जातो. त्यातला काही भाग शोषलाच जात नाही, आतड्यातले जिवाणू बॅकोसाइडवरच्या शर्करा तोडतात, उरलेल्यावर यकृत प्रक्रिया करतं आणि शेवटी रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा आहेच. शर्करा जोडलेले मोठे बॅकोसाइड हा अडथळा सहज ओलांडत नाहीत, शर्करा गळून गेलेले लहान रेणू तुलनेने सोपे जातात. तेव्हा मेंदूत जाऊन मूलकांना थेट पकडणं हा ब्राह्मीचा मुख्य मार्ग असेल, हे पटण्यासारखं नाही.

मग परिणाम दिसतो तो कसा? पेशीत एनआरएफ-२ नावाचं प्रथिन असतं. कीप-१ हे दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि त्याची सतत विल्हेवाट लावतं. कीप-१ वरच्या सिस्टीनच्या गंधक गटांशी एखाद्या रेणूची क्रिया झाली की पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात जातं आणि ग्लुटाथायोन तयार करणारी, हीम ऑक्सिजनेज-१ बनवणारी जनुकं चालू करतं. यासाठी थोडी मात्राही पुरते, कारण एक रेणू एका मूलकाला मारत बसत नाही, पेशीच स्वतःची विकरं वाढवते. ब्राह्मीवरच्या प्राणिप्रयोगांत हा मार्ग जागा झाल्याची चिन्हं आढळली आहेत.

तुमच्या चाचणीपुरत्या दोन सूचना. अर्क हिरवा असतो, म्हणून प्रत्येक संहतीसाठी डीपीपीएच न घातलेला ‘अर्क अधिक मेथनॉल’ असा कोरा नमुना लावा आणि त्याचं रीडिंग वजा करा. आणि आयसी-५० देताना संहती मूळ द्रावणाची द्यायची नाही, नळीतल्या अंतिम आकारमानातली द्यायची. प्रकल्पांच्या अहवालांत ही चूक फार आढळते, आणि तिच्यामुळे आकडा कित्येक पटींनी बदलतो.

प्रश्न: ‘ब्राह्मीने उंदरांच्या मेंदूतली अँटिऑक्सिडंट विकरं वाढली’ हा निष्कर्ष सगळीकडे उद्धृत होतो. मूळ प्रयोग नेमका काय होता?

बहुतेक वेळा संदर्भ असतो तो बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या कामाचा. प्रयोग रॅटवर, म्हणजे मोठ्या जातीच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांवर होता. ८२ टक्के बॅकोसाइड-ए असलेला प्रमाणित अर्क दर किलो वजनाला ५ आणि १० मि.ग्रॅ. या मात्रांत तोंडावाटे ७, १४ किंवा २१ दिवस दिला. मग मेंदूचे तीन भाग वेगवेगळे तपासले: पुढचा कॉर्टेक्स, स्ट्रायटम आणि हिप्पोकॅम्पस. एसओडी, कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही तिन्ही विकरं १४ आणि २१ दिवसांनंतर तिन्ही भागांत, मात्रेच्या प्रमाणात वाढली. तुलनेला घेतलेल्या डेप्रेनिल या पार्किन्सनवरच्या औषधाने (किलोला २ मि.ग्रॅ.) कॉर्टेक्स आणि स्ट्रायटममध्ये वाढ दिली, हिप्पोकॅम्पसमध्ये नाही.

आमच्या मते या प्रयोगाचं खरं मोल दोन गोष्टींत आहे. वाढ व्हायला दोन आठवडे लागले. थेट मूलक पकडणारं रसायन इतकं थांबत नाही, जनुकांमार्फत विकरं वाढायला मात्र वेळ लागतो, आणि वरच्या उत्तरातल्या मार्गाशी हे जुळतं. शिवाय स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये फरक दिसला.

मात्रेचं रूपांतर करताना मात्र गफलत होते. ‘किलोला १० मि.ग्रॅ. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०० मि.ग्रॅ.’ हा हिशोब चुकीचा आहे. लहान प्राण्यांची चयापचयाची गती जास्त असते, म्हणून शरीराच्या पृष्ठफळावर आधारलेला भाजक वापरतात: रॅटची मात्रा भागिले ६.२, लहान उंदराची भागिले १२.३. म्हणजे १० भागिले ६.२, किलोला सुमारे १.६ मि.ग्रॅ. ६० किलोच्या माणसाला साधारण ९७ मि.ग्रॅ., तेही ८२ टक्क्यांच्या अर्काचे. कुठल्याही निबंधात किलोला २०० किंवा ५०० मि.ग्रॅ. मात्रा दिसली की आधी हा भागाकार करावा. बरेच ‘आश्चर्यकारक’ निष्कर्ष माणसाला गिळता येणार नाही अशा मात्रेवर उभे असतात.

प्रश्न: रॅटच्या मेंदूत एमडीए (मॅलॉनडायअल्डिहाइड, चरबीच्या ऑक्सिडेशनमधून तयार होणारा रेणू) मोजतो आहोत. एकाच गटातली रीडिंग इतकी मागेपुढे होतात की अर्क दिलेला आणि न दिलेला गट वेगळा ओळखू येत नाही. प्राणिप्रयोगाच्या नैतिकता समितीची परवानगी घेतलेली आहे. चुकतं कुठे? (एम. फार्म.चा विद्यार्थी)

बहुधा नळीत काही घालण्याआधीच चुकतं. म्हणून सुरुवातीपासून जाऊ.

मेंदू काढण्यापूर्वी हृदयातून थंड सलाइन सोडून रक्त धुऊन काढता का? नसाल तर तिथूनच सुरुवात करा. केशवाहिन्यांत अडकलेलं रक्त दोन्ही बाजूंनी फसवतं. हिमोग्लोबिनमधलं लोह होमोजिनेट करताना (ऊती बफरमध्ये घोटताना) नव्याने चरबी ऑक्सिडाइझ करतं, त्यामुळे एमडीए फुगतं. आणि लाल पेशींत कॅटॅलेज ठासून भरलेलं असतं. मेंदूत ते मुळात कमी, त्यामुळे रक्त थोडं जरी राहिलं तरी तुम्ही मेंदूचं म्हणून रक्ताचं कॅटॅलेज मोजता. धुतलेला मेंदू फिकट, जवळपास पांढरा दिसतो. पृष्ठभागावर लाल रेषा दिसत असतील तर तो नमुना तसा नोंदवा आणि वेगळा ठेवा.

दुसरा मुद्दा क्रमाचा. सकाळी आधी सगळा नियंत्रण गट आणि दुपारी सगळा अर्काचा गट, असं करत असाल तर गटातला फरक आणि वेळेतला फरक एकमेकांत मिसळून जातो. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. मेंदू काढल्यापासून बर्फावर भाग वेगळे करून गोठवेपर्यंतचा वेळ प्रत्येक प्राण्यासाठी सारखा राहू द्या. लगेच मोजणार नसाल तर उणे ८० अंशांवर ठेवा. उणे २० वर चरबीचं ऑक्सिडेशन संथपणे चालूच राहतं.

होमोजिनेट १० टक्के करा: १०० मि.ग्रॅ. ऊती, एकूण आकारमान १ मि.लि., थंड फॉस्फेट बफर, ०.१ मोलर, पीएच ७.४. सुक्रोजचं बफर या चाचणीसाठी नको, कारण आम्लात तापवल्यावर शर्कराही टीबीएशी (थायोबार्बिट्युरिक आम्ल, एमडीएशी गुलाबी रंग देणारं रसायन) रंग देतात. कॅटॅलेज याच होमोजिनेटमधून मोजायचं असेल तर बफरमध्ये सोडियम ॲझाइड नाही ना, ते बाटलीवर पाहून घ्या. बुरशी लागू नये म्हणून काही ठिकाणी ते सवयीने घालतात आणि ते कॅटॅलेजला थेट बंद पाडतं.

एमडीएसाठी ०.५ मि.लि. होमोजिनेट वेगळ्या नळीत काढा. त्यात १० टक्के टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल, प्रथिनं खाली बसवणारं) १ मि.लि. घाला. या टीसीएच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये बीएचटी या ऑक्सिडेशन रोखणाऱ्या रसायनाचं २ टक्के इथेनॉलमधलं द्रावण १० मायक्रोलिटर आधीच मिसळलेलं असावं. बीएचटी नसेल तर पुढच्या तापवण्यात नवं ऑक्सिडेशन होतं, आणि ते दर नळीत वेगळं होतं. तुमची मागेपुढे होणारी रीडिंग इथूनच आली असण्याचा आम्हाला दाट संशय आहे. कोऱ्या आणि प्रमाणित नमुन्यांतही बीएचटी तेवढंच हवं. सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ द्रावण १ मि.लि. घ्या, त्यात ०.६७ टक्के टीबीए १ मि.लि. मिसळा, झाकण घट्ट लावून उकळत्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा, बर्फात थंड करा आणि ५३२ नॅनोमीटरला मोजा. झाकण सैल राहिलं तर वाफ जाते, द्रावण आटतं आणि आकडा चढतो. द्रावण गढूळ दिसलं तर पुन्हा फिरवा. गढूळपणाही यंत्राला रंगासारखाच वाटतो. गुलाबीऐवजी पिवळट छटा येत असेल तर शर्करा किंवा इतर अल्डिहाइड आहेत असं समजा आणि ४५० ते ६०० नॅनोमीटरचा पूर्ण आलेख काढून ५३२ वर खरंच शिखर आहे का ते पाहा.

हिशोबाचं उदाहरण देतो. रीडिंग ०.१५६ आलं. भागिले १,५६,००० (गुलाबी संयुगाचा मोलर गुणांक) म्हणजे १ मायक्रोमोलर, म्हणजेच मिलिलिटरला १ नॅनोमोल. नळीत २ मि.लि. आहे, म्हणून २ नॅनोमोल. हे आलं १ मि.लि. वरच्या द्रावणातून, पण ते द्रावण एकूण १.५ मि.लि. होतं, म्हणून १.५ ने गुणा: ३ नॅनोमोल. ०.५ मि.लि. होमोजिनेटमध्ये ५० मि.ग्रॅ. ऊती होती, तेव्हा ग्रॅमला ६० नॅनोमोल. तो १.५ चा गुणक सर्रास विसरला जातो. प्रथिनाच्या मिलिग्रॅमला भागून देणार असाल तर प्रथिन त्याच होमोजिनेटमधून मोजा. सेंट्रिफ्यूज केल्यानंतरच्या द्रावणातलं घेतलं तर पटलातली प्रथिनं तळाशी गेलेली असतात आणि भाजक लहान होतो.

ग्लुटाथायोनसाठी उशीर अजिबात चालत नाही. ऊती आम्लात गेली नाही तर मिनिटागणिक ते ऑक्सिडाइझ होतं. प्रथिन खाली बसवल्यावर डीटीएनबी (गंधक गटाशी पिवळा रंग देणारं रसायन) घालून ४१२ नॅनोमीटरला लगेच मोजा, आणि आम्ल उदासीन करायला बफर पुरेसं आहे ना, हे पीएचपट्टीवर पाहा. पीएच ८ च्या आसपास नसेल तर पिवळा रंग पूर्ण येत नाही. पायरोगॅलॉलवर आधारलेली एसओडी चाचणी करत असाल तर पायरोगॅलॉल रोज ताजं, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात करा. तपकिरी झालेलं फेकून द्या.

शेवटचं संख्याशास्त्राचं. एका मेंदूचे तीन नमुने म्हणजे तीन प्राणी नव्हेत. सहा प्राण्यांचे अठरा आकडे करून पी-मूल्य काढलं तर ते चांगलं दिसतं, पण खोटं असतं. तिन्हींची सरासरी घ्या आणि प्राणी मोजा.

प्रश्न: परीक्षा आठ दिवसांवर आली आहे. ब्राह्मी सुरू करू का?

नको. रॅटमध्येसुद्धा सात दिवसांत विकरं वाढल्याचं दिसलं नव्हतं. माणसांवरच्या चाचण्या साधारण १२ आठवड्यांच्या आहेत. आठ दिवसांत हाती लागलाच तर पोटाचा त्रास लागेल, आणि तो परीक्षेच्या तोंडावर परवडणारा नाही. रात्रीची झोप सांभाळा.

प्रश्न: ब्राह्मी म्हणून घेतलेल्या रोपांची पानं गोल निघाली. लागवड मेंदूच्या औषधासाठीच करायची आहे. फरक पडतो का?

पडतो. गोल पानाची ती मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. ब्राह्मी या नावाने दोन्ही विकल्या जातात. मंडूकपर्णीचं पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, लांब देठाचं, कडा दंतुर आणि शिरा एका बिंदूतून पंख्यासारख्या पसरलेल्या. बॅकोपाचं पान देठाविना थेट खोडाला चिकटलेलं, समोरासमोर जोडीने, मांसल, एक ते दोन सें.मी. लांब, टोकाकडे रुंद आणि कडा सरळ. फूल पांढरं किंवा फिकट जांभळं, पानाच्या बगलेत एकेकटं. पान चावून बघितलं तर कडू लागतं.

मंडूकपर्णी म्हणजे हिणकस असं मुळीच समजू नका. चरकसंहितेत सांगितलेल्या चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरस आहे, आणि मेंदूतल्या ऑक्सिडेशनवर तिचेही स्वतंत्र प्रयोग झाले आहेत. पण तिच्यात एशियाटिकोसाइड आणि मॅडेकॅसोसाइड असतात, बॅकोसाइड नसतात. एकीवरचे निष्कर्ष आणि मात्रा दुसरीला लावता येत नाहीत. वाळलेल्या चुऱ्यात डोळ्यांनी ओळख पटत नाही. पाण्यात हलवून फेस येतो का, ही चाचणीही इथे निरुपयोगी, कारण सॅपोनिन दोघींत आहेत. बॅकोसाइड-एच्या प्रमाणित नमुन्याशेजारी टीएलसी पट्टी (घटक वेगळे करून दाखवणारी) काढणं हाच खात्रीचा साधा उपाय.

लागवडीबद्दल आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती जड धातूंची. बॅकोपा पाणथळ जागेत वाढते आणि पाण्या-चिखलातलं कॅडमियम, शिसं, पारा स्वतःत साठवते. दूषित पाणी स्वच्छ करायला तिचा वापर करता येईल का, याचे प्रयोग झाले आहेत ते याच गुणामुळे. सांडपाण्याच्या कडेला फोफावलेली ब्राह्मी दिसायला टवटवीत असते, पण शिसं आणि कॅडमियम स्वतःच ग्लुटाथायोनच्या गंधक गटांना धरून बसतात आणि मेंदूतलं ऑक्सिडेशन वाढवतात. ज्यासाठी औषध घ्यायचं, नेमकं त्याच्या उलटं. धुऊन वरचा चिखल जातो, पेशीत शिरलेला धातू जात नाही. वाळलेल्या वनस्पतीत शिशाची कमाल मर्यादा १० पीपीएम आणि कॅडमियमची ०.३ पीपीएम धरतात. पाणी आणि माती लागवडीआधी तपासा, आणि पीक दर तोडणीला.

वाळवताना ऊन टाळा. सावलीत पातळ थर पसरा किंवा ४० ते ४५ अंशांच्या हवेत वाळवा. मांसल खोडात पाणी अडकून राहतं. पानं कुरकुरीत झाली तरी खोड वाकतं आहे, मोडत नाही, तोवर पोत्यात भरू नका. आत बुरशी धरते.

प्रश्न: एका पाकिटावर ‘५० टक्के बॅकोसाइड’, दुसऱ्यावर ‘२० टक्के’. पहिलं जास्त गुणकारी का?

तसं म्हणता येत नाही. आधी मोजलं कसं, ते विचारा. जुनी पद्धत अर्क आम्लात उकळून, शर्करा तोडून, २७८ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायची. त्या तरंगलांबीला अर्कातली इतर संयुगंही प्रकाश शोषतात, आणि सगळं ‘बॅकोसाइड’ म्हणून गणलं जातं. एचपीएलसी या यंत्रपद्धतीत बॅकोसाइड-ए-३, बॅकोपासाइड-२, बॅकोपासॅपोनिन-सी वगैरे एकेक वेगळे करून २०५ नॅनोमीटरला मोजतात, त्यामुळे आकडा बराच खाली येतो. एकच अर्क पहिल्या पद्धतीने ५० आणि दुसऱ्या पद्धतीने त्याच्या निम्म्याहूनही कमी दिसू शकतो. पाकिटावर पद्धत लिहिलेली नसेल तर टक्केवारीची तुलना करू नका.

अर्क आणि चूर्ण यांचीही गल्लत नको. नुसत्या चूर्णाची नेहमीची मात्रा दिवसाला १ ते ३ ग्रॅम. ३०० मि.ग्रॅ. हा आकडा संहत अर्काचा आहे. ३०० मि.ग्रॅ. चूर्ण घेऊन चाचण्यांतला परिणाम मिळणार नाही, आणि ३ ग्रॅम संहत अर्क घेणं धोक्याचं आहे.

प्रश्न: वडिलांना डोनेपेझिल चालू आहे, थायरॉइडची गोळीही आहे. जोडीला ब्राह्मी दिली तर?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध ॲसिटिलकोलीन (स्मृतीसाठी लागणारा मेंदूतला संदेशवाहक रेणू) मोडणारं विकर रोखतं. ब्राह्मीतही तो गुण काही प्रमाणात आढळला आहे. दोन्ही एकाच दिशेने ओढली तर नाडी मंदावणं, मळमळ, वारंवार शौचाला होणं वाढू शकतं. वडिलांना आधीच नाडी मंद असण्याचा, चक्कर येऊन पडण्याचा किंवा दम्याचा त्रास असेल तर ही गोष्ट आणखी गंभीर. उंदरांवरच्या प्रयोगात मोठ्या मात्रेने थायरॉक्सिन वाढलं होतं, म्हणून थायरॉइडची गोळी चालू असताना ब्राह्मी घ्यायचीच झाली तर टीएसएच पुन्हा तपासून घ्यावं लागेल. लघवी आवरण्यासाठी दिलेल्या काही गोळ्या ॲसिटिलकोलीनच्या उलट दिशेने काम करतात, त्यांचा उपयोग कमी होऊ शकतो. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ब्राह्मी चालू असल्याचं आवर्जून सांगा.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना घेऊ नये. नर उंदरांत मोठ्या मात्रेने शुक्रजंतू तयार होण्यावर परिणाम झाला आणि औषध थांबवल्यावर तो भरून निघाला. मूल होण्यासाठी उपचार चालू असलेल्या पुरुषांनी म्हणून टाळलेलं बरं. इतरांना होणारा त्रास मुख्यतः पोटाचा: मळमळ, पोटात मुरडा, सैल शौच. सॅपोनिन आतड्याच्या अस्तराला डिवचतात, म्हणून उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्यावी.

प्रश्न: ई जीवनसत्त्वासारखी अँटिऑक्सिडंट मोठ्या चाचण्यांत फोल ठरली ना? मग ब्राह्मी वेगळी कशी? आणि माणसाच्या मेंदूत तिचा परिणाम कुणी पाहिला आहे का?

पार्किन्सनच्या रुग्णांवर झालेल्या डेटाटॉप चाचणीत रोज २,००० आंतरराष्ट्रीय एकक ई जीवनसत्त्व देऊनही रोगाची वाटचाल मंदावली नाही, हे १९९३ मध्ये स्पष्ट झालं. सौम्य स्मृतिदोष असलेल्यांवर तेवढीच मात्रा तीन वर्षं देऊनही अल्झायमरकडे जाणं थांबलं नाही, तो निकाल २००५ चा. दुसऱ्या बाजूला, १९९७ च्या एका चाचणीत मध्यम तीव्रतेच्या अल्झायमरमध्ये त्याच जीवनसत्त्वाने रुग्णाची ढासळण काहीशी लांबवली होती. म्हणजे ऑक्सिडेशनचा सिद्धान्त खोटा ठरला असं नाही. ‘बाहेरून अँटिऑक्सिडंट ओतला की मेंदू वाचतो’ हे सोपं समीकरण खोटं ठरलं. शिवाय थोड्या प्रमाणातलं हायड्रोजन पेरॉक्साइड पेशी आपसातल्या संदेशांसाठी वापरतात, ते पार पुसून टाकणं हे ध्येयच नव्हे.

ब्राह्मीच्या माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत. ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये ४६ निरोगी प्रौढांवर ३०० मि.ग्रॅ. अर्काची १२ आठवड्यांची चाचणी झाली. माहिती हाताळण्याचा वेग आणि शाब्दिक शिकणं सुधारलं, आणि परिणाम पाच आठवड्यांपेक्षा बाराव्या आठवड्याला ठळक होता. २००२ मध्ये ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांत नव्याने शिकलेलं लक्षात राहणं सुधारलं, शिकण्याचा वेग मात्र तसाच राहिला. या चाचण्यांनी स्मरणशक्ती मोजली, मेंदूतलं ऑक्सिडेशन मोजलं नाही. सुधारणा ॲसिटिलकोलीनमुळेही झाली असू शकते. स्मृती सुधारली म्हणून अँटिऑक्सिडंट परिणाम सिद्ध झाला, असं लिहिणं म्हणजे मधली पायरी गाळणं.

ती पायरी मोजता येते का? रक्तातलं एमडीए पाहून मेंदूबद्दल बोलता येत नाही, ते यकृत, स्नायू आणि रक्तपेशी यांतूनही येतं. मेंदूमज्जा द्रवातले एफ-२ आयसोप्रोस्टेन (चरबीच्या ऑक्सिडेशनची खूण) जास्त विश्वासार्ह, पण त्यासाठी पाठीच्या कण्यातून सुई घालावी लागते. निरोगी माणसाला दोनदा ते करायला सांगणं कठीण. उरतो तो एमआरआयच्या यंत्रावरच होणारा स्पेक्ट्रोस्कोपीचा मार्ग. ग्लुटाथायोनची खूण २.९५ पीपीएमला (इथे पीपीएम म्हणजे खुणेची वर्णपटातली जागा) येते, पण लगेच शेजारी, ३.०३ पीपीएमला, क्रिएटिनचं कितीतरी मोठं शिखर तिला झाकून टाकतं. म्हणून ३ टेस्ला यंत्र आणि ती खूण वेगळी काढणारा खास स्पंदनक्रम लागतो. असं मापन ब्राह्मी सुरू करण्यापूर्वी आणि १२ आठवड्यांनी, त्याच माणसांत, मेंदूच्या त्याच भागात करावं, सोबत बनावट गोळीचा गट असावा आणि अर्काची एचपीएलसीने केलेली मोजणी जोडलेली असावी. आमच्याकडे संशोधनाचा विषय विचारणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आम्ही हाच सुचवू.